गॅलरीतलं शिंजिराचं घरटं: साखरपाणी ठेवावं का, घरटं हलवावं का?

सोलापूरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या तारेवर, एका चिमुकल्या पक्ष्याने लोंबतं घरटं बांधलं आहे. गॅलरी पश्चिमेची, त्यामुळे दुपारी तीननंतर ऊन थेट घरट्यावर येतं. काळा-निळा नर दिवसभर खिडकीच्या काचेवर चोच आपटतो आणि पिवळसर मादी दोन दिवसांपासून दिसलेली नाही. त्या लिहितात, "हा हमिंगबर्डच ना? साखरपाण्याची बाटली मागवली आहे, घरट्याजवळ टांगू का? घरटं सावलीच्या कोपऱ्यात सरकवू का? सासूबाई म्हणतात, हात लावला की पक्षी घरटं टाकून देतो."

ताई, आधी बाटलीचं सांगतो. ती सध्या खोक्यातच राहू द्या. घरटंही हलवू नका. हे दोन निर्णय आज घेतलेत तरी निम्मं काम झालं. बाकीचं जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचे प्रश्न चार दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच काळजी आहे: एवढासा जीव, एवढं ऊन, आपण काही केलं नाही तर तो तग धरेल का? माझा अनुभव असा की गॅलरीतली शिंजिराची घरटी उपासमारीने जात नाहीत. ती जातात कावळ्याने, मांजराने, मुंग्यांनी, फवारणीने, आणि बऱ्याचदा घरातल्या माणसांच्या अति काळजीने. त्यामुळे काय द्यायचं यापेक्षा काय टाळायचं, हे मला जास्त सांगायचं आहे.

आता ओळख. तुमचा पक्षी जांभळा शिंजीर आहे, ज्याला बरेच जण सूर्यपक्षी म्हणतात. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, आपल्याकडे एकही नाही. दोघेही लहान, दोघेही फुलातला मध पितात, दोघेही चमकतात, म्हणून गल्लत होते. पण त्यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. शिंजीर हा चिमणी, बुलबुल यांच्यासारखा झाडावर बसणारा पक्षी आहे. क्षणभर तो फुलासमोर हवेत फडफडत थांबतो, पण जमेल तिथे फांदीला किंवा देठाला धरून, वेळ पडल्यास उलटा लटकून मध पितो. लांबी साधारण 10 सेंटीमीटर, वजन 10 ग्रॅमच्या आतच. जीभ लांब, पुढे नळीसारखी वळलेली आणि टोकाला दुभंगलेली.

शंका राहू नये म्हणून एक खूण. विणीच्या हंगामातला जांभळा शिंजीर नर सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि उन्हात आला की निळा-जांभळा झळाळतो. पोट पिवळं आणि पाठ तपकिरी-लाल असेल, तर तो त्याचा भाऊबंद, जांभळ्या पाठीचा शिंजीर. तोही गॅलरीत घरटी करतो. मादी ओळखायची तर गळा बघा: जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा पोटासारखाच पिवळसर असतो, दुसरीचा करडा-पांढरट. तुमच्या वर्णनातला नर पूर्ण काळा-निळा आहे, म्हणून मी पहिलाच धरून चालतो. दुसरा निघाला तरी पुढचा सल्ला बदलत नाही.

एवढ्या उन्हात हा वेडेपणा का, असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही हे पुष्कळ जण विचारतात. पण हा कोरड्या, उष्ण मुलखात मुरलेला पक्षी आहे. ओमान, संयुक्त अरब अमिराती, इराणपासून पार व्हिएतनामपर्यंत तो आढळतो. आपल्याकडे माळरानं, काटेरी झुडपं, शेताचे बांध, शहरातल्या बागा हे त्याचं घर. दख्खनच्या पठारावर झाडं पानं गाळून बसतात त्याच सुमारास फुलांचा मोसम असतो. पळस, काटेसावर, पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल होतात. धायटी फुललेली असते. नेपतीची लालसर फुलं कोरड्या माळावर ऐन उन्हाळ्यात दिसतात. आंब्यावरच्या बांडगुळालाही फुलं असतात, आणि त्याचं परागीभवन करणाऱ्यांत शिंजीर आघाडीवर असतो. कडुनिंब मोहरला की त्यावर बारीक किडे जमतात. म्हणजे आपल्याला रखरखाट दिसतो तेव्हा त्याच्यासाठी मधही असतो आणि किडेही. शिवाय मधात पाणी भरपूर असतं, त्यामुळे त्याची तहान बरीचशी जेवतानाच भागते. सोलापूरच्या उन्हात अंडी घालायचा निर्णय त्या मादीने अडाणीपणाने घेतलेला नाही.

आता साखरपाणी का नको ते.

पहिलं कारण पिल्लांचं. मोठा शिंजीर मधावर जगतो, पण पिल्लं मधावर वाढत नाहीत. त्यांचे स्नायू, हाडं, पिसं तयार व्हायला प्रथिनं लागतात, आणि ती मिळतात कोळी, अळ्या, बारीक माश्या यांच्यातून. साखरेत यातलं काहीच नाही. तुमच्या बाटलीने पिल्लांचा एक घासही वाढणार नाही.

दुसरं कारण मुंग्यांचं, आणि हे मला सगळ्यात जास्त सतावतं. गोड पाण्याचा एक थेंब गॅलरीत सांडला की मुंग्यांची रांग लागते. ती रांग तारेवरून घरट्यापर्यंत पोचायला वेळ लागत नाही. नुकती निघालेली उघडी-बोडकी पिल्लं मुंग्यांपुढे काहीच करू शकत नाहीत. निरोगी पिल्लांचं घरटं एका रात्रीत मुंग्यांनी संपवलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या घरी खरकट्याची वाटी पक्ष्यांसाठी म्हणूनच बाहेर ठेवली होती.

तिसरं, बाटलीवर दुसरे शिंजीर येतील. तुमचा नर सध्या काचेतल्या स्वतःच्या प्रतिमेशीही भांडतोय. खरे नर आले तर त्याचा दिवस मारामाऱ्यांतच जाईल. शिवाय गांधीलमाश्या येतील. चौथं, चाळीस अंशांत साखरपाणी काही तासांत आंबायला लागतं.

मग साखरपाणी कधीच नाही का? इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. घरट्यापासून लांब, बागेत, विणीचा हंगाम नसताना कोणी ठेवत असेल तर मी भांडायला जात नाही. मात्र एक भाग साधी साखर आणि चार भाग पाणी एवढंच. गूळ नको, मध नको, रंग नको. उन्हाळ्यात दिवसातून निदान एकदा भांडं घासून पाणी बदलायचं. हे रोज जमणार नसेल तर सुरूच करू नये. साखरपाण्याचा खरा उपयोग मी एकाच वेळी मान्य करतो: मोठा शिंजीर खोलीत अडकून किंवा काचेवर आपटून गळून पडला असेल तेव्हा. त्याला कागदाच्या, भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गार जागी ठेवावं. शुद्धीवर आला, मान सरळ धरू लागला, की चोचीच्या टोकाशी साखरपाण्याचा एक थेंब धरावा, तो स्वतः जिभेने घेतो. चोच उघडून आत ओतायचं नाही. पाणी श्वासनलिकेत जातं. इतक्या लहान पक्ष्याची ऊर्जा भराभर संपते, म्हणून तो सावरला की लगेच, दिवसाउजेडी सोडून द्यावा. पिल्लाला मात्र हा उपाय लागू नाही.

तुमची दुसरी काळजी मादीची. दोन दिवस दिसली नाही, याचे तीन अर्थ होऊ शकतात आणि त्यातले दोन चांगले आहेत.

घरटं विणणं हे जवळजवळ पूर्णपणे मादीचं काम. आठ-दहा दिवस ती कोळ्याचं जाळं, गवताचे धागे, सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठा असलं काय काय आणून चिकटवते आणि आतून सावरीचा किंवा रुईचा कापूस घालते. बाहेरून ते कचऱ्याचा झुबका अडकल्यासारखं दिसतं, खाली शेपटीसारखी लोंबती चिंधी असते. शत्रूला ते घरटं वाटू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप. साफसफाईत अशी घरटी केरात जातात तीही याच रूपामुळे. दार बाजूला, आणि दारावर पागोळीसारखं छोटं छप्पर. हे सगळं पुरं झाल्यावर अंडी घालण्याआधी ती काही दिवस घरट्याकडे फारशी फिरकत नाही. लोकांना वाटतं सोडून गेली. हा झाला पहिला अर्थ.

दुसरा अर्थ असा की ती आतच बसली आहे. अंडी बहुधा दोन, क्वचित तीन. उबवणं एकट्या मादीचं, साधारण पंधरा ते सतरा दिवस. दारातून फक्त तिची बाकदार चोच आणि कपाळ दिसतं. तेही तुम्हाला कुठे बघायचं ते माहीत असेल तरच. तुम्ही गॅलरीचं दार उघडता त्या आवाजाने ती आत दबून बसते किंवा तुमच्या नजरेआधी सटकते.

तिसरा अर्थ, ती खरंच गेली किंवा तिला काही झालं. तो नाकारता येत नाही, पण एवढ्यात तिथे पोचायचं कारण नाही.

हे ओळखायचं कसं? घरट्यात बोट घालून नाही, मोबाइलचा टॉर्च मारूनही नाही. सकाळी सात ते नऊच्या दरम्यान खोलीच्या आत, पडद्यामागे, खिडकीपासून जरा मागे खुर्ची टाकून तासभर बसा. मादी उबवत असेल तर त्या वेळात ती खायला बाहेर पडेल आणि थोड्या वेळाने परत येऊन थेट आत शिरेल. चोचीत कापूस किंवा जाळ्याचा पुंजका घेऊन आली, तर काम अजून चालू आहे. नर-मादी दोघंही चोचीत किडे आणू लागली आणि जाताना पांढरी गोळी उचलून नेऊ लागली, तर आत पिल्लं आहेत; ती गोळी म्हणजे पिल्लांची शी, पातळ पापुद्र्यात गुंडाळलेली, आईबाप ती लांब नेऊन टाकतात. सलग काही सकाळी यातलं काहीच दिसलं नाही, तरीही मी अजून आठवडाभर तार तशीच ठेवायला सांगतो.

हा टप्पा ओळखणं इतकं महत्त्वाचं का, तर पुढचं सगळं त्यावर ठरतं. बांधकाम चालू असताना आणि अंड्यांच्या पहिल्या दिवसांत मादीची गुंतवणूक कमी असते, त्यामुळे जरा खटकलं की ती घरटं सोडते. पिल्लं निघाल्यावर ती सहसा सोडत नाही. म्हणून कसलाही बदल करायचा तर तो पिल्लं असताना जास्त सुरक्षित, आणि आत्ता, तुमचा टप्पा नक्की माहीत नसताना, सगळ्यात धोक्याचा.

आता सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं बोलणं परिणामाच्या दृष्टीने बरोबर आहे, कारण वेगळं आहे. माणसाच्या हाताचा वास लागला म्हणून शिंजीर घरटं टाकत नाही. तो टाकतो ते घरट्याशी वारंवार होणाऱ्या हालचालीमुळे, कारण त्याच्या लेखी आपण अंडी शोधणारा शत्रू असतो. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण घरटं वाऱ्याने तुटून खाली पडलं आणि आत जिवंत पिल्लं असतील, तर हात लावायला घाबरू नका. ते उचलून त्याच जागी, त्याच उंचीवर, दार त्याच दिशेला ठेवून सुतळीने बांधा. घरटं फाटलंच असेल तर नारळाच्या करवंटीत किंवा लहानशा टोपलीत ते बसवून टांगा, करवंटीला खाली दोन भोकं पाडा. मग आत निघून जा आणि पडद्यामागून बघा. आईबाप बहुतेक वेळा तासाभरात परततात.

जागेवर मी इतका भर देतो, त्याचं कारण असं की शिंजीर घरटं जागेवरून ओळखतो. मादी लांबून उडत येते ती एका ठरलेल्या बिंदूकडे. तुम्ही घरटं चार फुटांवरच्या सावलीत नेलं तरी ती जुन्या जागी येऊन हवेत घुटमळते आणि निघून जाते. ऊन वाचवायला म्हणून हलवलेली घरटी अशीच ओस पडतात.

पण उन्हाबद्दलची तुमची शंका रास्त आहे, ती मी झटकून टाकत नाही. अंडी काही वेळ गार पडली तर निभावतं, म्हणूनच मादी मधूनमधून खायला जाऊ शकते. फार तापली तर आतला जीव दगावतो. घरट्याच्या जाड कापसाळ भिंती आणि दारावरचं छप्पर बरंचसं ऊन सोसतात. झाडाच्या फांदीत एवढं पुरतं, कारण तिथे पानांची सावली हलत असते. पश्चिमेच्या गॅलरीत भिंत आणि फरशीही तापतात आणि ती धग संध्याकाळपर्यंत मारत राहते. त्यामुळे ऊन अडवायचं, पण घरट्याला न शिवता.

गॅलरीच्या बाहेरच्या ग्रिलला, पश्चिमेच्या बाजूने, वरच्या अर्ध्या भागात हिरवं शेडनेट बांधा. घरट्यापासून निदान हातभर लांब. ते ताणून बांधायला हवं. सैल जाळी वाऱ्याने फडफडली तर मादी बिचकते आणि सैल घडीत पक्ष्याचे पाय अडकतात. ती ज्या बाजूने ये-जा करते ती वाट पूर्ण मोकळी ठेवा. ही वाट तुम्हाला त्या सकाळच्या तासात कळेलच. सगळं एकदम करू नका. एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, निम्मं बांधा, काम दहा मिनिटांत आटपा, दुसऱ्या सकाळी मादी नेहमीसारखी आत जाते का बघा आणि मगच उरलेलं बांधा. रोज गुंडाळायचा-सोडायचा पडदा नको, कारण रोजची हालचाल रोजची भीती. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: गॅलरीत एसीचं बाहेरचं यंत्र असेल तर त्याची गरम हवा कुठे जाते ते हात धरून पाहा. ती घरट्यावर येत असेल तर उन्हापेक्षा तीच जास्त घातक, आणि तेवढे दिवस त्या खोलीत पंख्यावर भागवावं.

पंख्यावरून आठवलं. गॅलरीचं दार उघडं असताना लगतच्या खोलीतला छताचा पंखा चालू ठेवू नका, किंवा दाराला पडदा लावा. नर पाठलागाच्या भरात सरळ घरात शिरतो. शिरलाच तर पंखा बंद, खोलीतले दिवे बंद, एकच खिडकी सताड उघडी. उजेडाच्या दिशेने तो आपोआप जातो. टॉवेल घेऊन मागे धावायचं नाही.

काचेवर चोच आपटण्याचं कोडं सोपं आहे. विणीच्या दिवसांत नर आपला इलाखा राखतो, आणि काचेत त्याला दुसरा नर दिसतो. तो दुसरा कधी पळून जात नाही, म्हणून भांडण संपत नाही. पाहणाऱ्याला गंमत वाटते, पण नर त्यात थकतो, आणि पिल्लं निघाल्यावर त्याने किडे आणणं अपेक्षित असतं. काचेला बाहेरच्या बाजूने वर्तमानपत्र, जुनी चादर किंवा साबणाच्या पाण्याचा पांढुरका लेप लावा. आतून पडदा लावून भागत नाही, उलट काळोखी पार्श्वभूमी मिळून काच जास्त आरशासारखी होते. खाली उभ्या गाड्यांच्या आरशांवरही तो जात असेल. त्यांना पिशवी घाला. हंगाम सरला की ही खोड जाते. तेव्हा त्याचा झळाळही जातो: पिसं झडून तो मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते. पावसाळ्याच्या सुमारास नर दिसेनासा झाला असं वाटलं तर ही रेघ शोधा.

थोडक्यात आत्तापर्यंतचं: बाटली नको, घरटं जागेवर, सावली लांबून आणि दोन टप्प्यांत, काच बाहेरून झाकायची, आणि टप्पा ओळखायला पडद्यामागून सकाळचा एक तास.

आता काही बारीकसारीक, पण पिल्लांचा जीव यांवरच असतो.

कपड्यांसाठी दुसरी तार बांधा, ही तार हलता कामा नये. पेस्ट कंट्रोल ठरलेलं असेल तर पुढे ढकला. सोसायटीचं असेल तर तुमच्या गॅलरीपुरतं थांबवायला सांगा. कुंड्यांवर फवारा मारू नका. विषारी अळी किंवा मेलेला कोळी घरट्यात गेला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. कोळ्याची जाळी काढू नका. गॅलरीच्या कोपऱ्यातलं जाळं म्हणजे शिंजिराला घरट्याचा दोराही आणि पिल्लांचा घासही. मुंग्या तारेवर दिसल्या तर खडू किंवा पावडर वापरू नका. भिंतीकडच्या अगदी टोकाला, जिथे पक्षी कधीच बसत नाही तिथे, व्हॅसलिनचा पातळ वेढा द्या, आणि मुंग्या कशावर येतात ते शोधून ती वस्तू हलवा.

पाणी ठेवायचं तर घरट्याच्या गॅलरीत ठेवू नका. पाण्यावर कावळेही येतात, आणि कावळ्याला घरटं दिसलं की आशा संपली. दुसऱ्या बाजूच्या खिडकीत किंवा गच्चीवर ठेवा. शिंजिराला खोल भांड्यापेक्षा ओली पानं आवडतात. सकाळी झाडांच्या पानांवर पाणी शिंपडलंत तर तो त्या ओल्या पानांवर अंग घासून आंघोळ करतो. हे मात्र घरट्यापासून लांबच्या कुंड्यांवर.

फोटोंचा मोह मला समजतो. खोलीच्या आतून, काचेआडून, फ्लॅशशिवाय, एवढं बास. तुम्ही गॅलरीत उभ्या असाल तेवढा वेळ आईबाप किडे चोचीत धरून समोरच्या तारेवर ताटकळतात, आणि पिल्लांना तासाभरात अनेकदा भरवावं लागतं. शेजारपाजारच्यांना दाखवायला घेऊन येणंही तेवढे दिवस टाळा.

पिल्लं साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतात. पहिल्या दिवशी ती नीट उडत नाहीत, कुंडीत किंवा फरशीवर बसलेली सापडतात. पिसं पूर्ण आलेली असतील आणि ते पिल्लू टुणटुणत असेल, तर ते पडलेलं नाही, निघालेलं आहे. मांजर येत असेल तर तेवढं उंच कुंडीत ठेवा आणि आत जा. आईबाप आवाजावरून शोधून तिथेच भरवतात. पिसं नसलेलं पिल्लू सापडलं तर परत घरट्यात. आईबाप दोघंही मेल्याची खात्री असेल किंवा पिल्लू जखमी असेल, तरच वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. घरी वाढवायचा प्रयत्न करू नका. एवढ्या लहान, किडेखाऊ पिल्लाला जगवणं अनुभवी माणसांनाही अवघड जातं. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 प्रमाणे जंगली पक्ष्याची अंडी, पिल्लं किंवा घरटं काढणं हा गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नाही हे मला माहीत आहे, पण सोसायटीत कोणी "घाण होते, काढून टाका" म्हणालं तर हे सांगायला उपयोगी पडेल.

आणि तुम्हाला काहीतरी द्यायचंच आहे, तर फुलं द्या. या वर्षी नाही, पुढच्या वर्षासाठी. साधी, एकेरी पाकळ्यांची लाल जास्वंद लावा. गेंदेदार दुहेरी जातीत मधापर्यंत चोच पोचणं अवघड होतं. त्याने फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरला तर रागावू नका, लांब नळीच्या फुलांवर तो असंच करतो. कोरफड मोठ्या कुंडीत वाढू दिली तर तिच्या फुलांच्या तुऱ्यावर शिंजीर हमखास येतो, आणि तिला पाणीही बेताचंच लागतं. अडुळसा कोरड्या हवेत चांगला तगतो. खाली सोसायटीच्या आवारात जागा असेल तर पांगारा किंवा धायटी लावायचा आग्रह धरा. बाटली धुवायचं काम उरत नाही, आंबण्याची भीती नाही, आणि फुलाबरोबर किडेही येतात, म्हणजे पिल्लांचंही भागतं.

पिल्लं उडून गेल्यावर घरटं लगेच काढू नका. काही वेळा मादी त्याच परिसरात दुसऱ्यांदा अंडी घालते, जुन्या घरट्यातलं साहित्य उपसून नव्याला लावते. महिनाभर हालचाल दिसली नाही तर मग तार तुमची.

तूर्तास उद्या-परवाच्या सकाळी तासभर बसा आणि तीनच गोष्टी मला लिहा: मादी आत गेली का, चोचीत काही होतं का, आणि ती कोणत्या बाजूने आली. त्यावरून शेडनेट आत्ता बांधायचं की पिल्लं निघेपर्यंत थांबायचं, ते ठरवू.